खालचा पाचोळा

भाच्याचा एडिटिंगमध्ये हातखंडा. लग्नाच्या अल्बममधून नको असलेले पाहुणे तो चुटकीसरशी गायब करायचा. आत्याने जंगलातून आणलेला फोटोही त्याने न विचारताच झकास करून टाकला.

"बघ आत्या! खालचा सगळा पाचोळा उडवला. आता फांदीवरचा दयाळ पक्षी कसा उठून दिसतोय!"

आत्या स्क्रीनकडे बघतच राहिली. "अरे, दयाळ तर रोज माझ्या खिडकीत येतो. सहा दिवस पोटावर पडून मी टिपला तो खालचा रातवा. अगदी पाचोळ्यासारखा दिसणारा पक्षी. अंड्यांवर बसला होता."

भाच्याचं तोंड उतरलं. "मूळ फोटो आहे गं, आत्ता आणतो परत."

"सावकाश आण," आत्या खुशीत म्हणाली. "तुझ्या नजरेतून सुटला, तिथे कोल्ह्याला काय कपाळ दिसणार!"