अकरा की दोन

डोळे उघडताच एर्मेलिंदाबाईंनी घड्याळ शोधले. समोर पांढरा पडदा होता, वर पांढरे छत, डावीकडे सलाइनची बाटली. घड्याळ नव्हते. खिडकीही नव्हती.

छातीवर जाड पट्टा घट्ट आवळलेला होता. त्याखाली काय आहे आणि काय नाही, याचा अदमास लागत नव्हता. सगळे बधिर होते. उजवा हात अंगाशी बांधलेला, डाव्यात सुई. मान उचलू म्हटले तर उचलवेना.

काल संध्याकाळी डॉक्टर कितेरियाने पलंगाच्या कडेला बसून सारे स्पष्ट सांगितले होते. "आठला तुम्हाला आत घेऊ, दोना एर्मेलिंदा. स्तन काढतानाच काखेतली एक गाठ तपासायला पाठवू. ती स्वच्छ निघाली, तर आमची दुसरी तुकडी हात धुऊन उभीच असेल. त्याच बैठकीत नवा स्तन बसवू. दुपारी दोनच्या सुमाराला जाग्या व्हाल. गाठीत काही सापडलं, तर मात्र नुसतं शिवून अकराच्या आत बाहेर. आधी किरणांचे उपचार. बाकीचं वर्षभराने बघू."

वर्षभराने बघू. हे शब्द बाईंना नवे नव्हते. पोर्तो शहरातल्या चढावरच्या त्यांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात अडतीस वर्षे बायका हेच शब्द घेऊन येत. बाई त्यांना काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवायला राळ्याचे बारीक दाणे भरलेली सुती पिशवी शिवून देत, तळहातावर तोलून, दुसऱ्या बाजूशी जुळवून. वर्ष सरले की त्याच बायका पुन्हा दारात उभ्या राहत. राळे बदलून हवे असे. "यंदा नाही जमलं हो," असे म्हणत त्या पडद्याआड जात आणि आरशाकडे पाठ करून ब्लाउज काढत.

पडदा सरकला. ग्रासिएत नावाची परिचारिका आत आली. सकाळी हिनेच बाईंच्या कानातले काढून ठेवले होते.

"शुभ सकाळ, दोना एर्मेलिंदा! झाली का झोप राणीसाहेबांची?"

सकाळ.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"बरं. आणि मला काही विचारायचं नाही हं. डॉक्टरीणबाई येताहेत, त्याच सांगतील. माझ्या तोंडाला कुलूप आहे."

"मी कुणाला काही विचारत नसते," बाई म्हणाल्या.

ग्रासिएत सलाइनचे थेंब मोजू लागली. बाईंनी मनातल्या मनात कापड काढले. जुने, धुऊन मऊ झालेले, नाही तर टोचते. शिवण दुहेरी. मग राळ्यापाशी येऊन त्या अडल्या. किती लागेल, ते कळेना. अर्ध्या गावाची मापे त्यांना तोंडपाठ होती. स्वतःचे माप त्यांनी कधी घेतले नव्हते. केस विंचरायला हात वर केला की आरशात बाजूने एक रेष दिसे, काखेपासून खाली उतरून पुन्हा आत वळणारी. साठाव्या वर्षीही ती रेष त्या रोज पाहत. तेवढीच हवी होती. दुसरे काही मागावे असे त्यांना वाटत नव्हते.

ग्रासिएतने पांघरूण वर ओढले, तिच्या पोटात गुरगुरले, आणि बाईंनी डोळे उघडले.

जेवण होईपर्यंत पोर्तोत कुणाची सकाळ संपत नाही. त्यांची स्वतःचीही संपत नसे. दुकानात तीन वाजता गिऱ्हाईक आले आणि ताट अजून वाढायचे असले, तर तोंडातून 'शुभ सकाळ'च निघे; 'शुभ दुपार' जेवल्यावरच.

पण काही विचारत नसते, असे त्या आत्ताच बोलून बसल्या होत्या. ग्रासिएतने नाडी मोजली, कागदावर लिहिली, पेन खिशाला लावले. ती वळली.

"जेवलीस का गं?" बाईंनी विचारले.

"कुठलं जेवण!" ग्रासिएत हसली. "तुमच्यापायी आज उपास घडला मला. खालची खानावळ केव्हाच बंद झाली. तिथल्या आदेरितोने वाटीभर कोबीचं सूप बाहेर आणून ठेवलंय म्हणे, तेही गारढोण झालं असेल."

खानावळ बंद, म्हणजे अकरा कधीच वाजून गेले होते.

"मग आधी ते खाऊन घे."

"तुम्हाला एकटं सोडून? डॉक्टरीणबाई मलाच खातील."

"इथेच बस, पडद्यामागे. मी काही पळून जात नाही."

"अगंबाई, आज माझी एवढी काळजी?"

"खाऊन झालं की परत आत ये," बाई म्हणाल्या, "आणि मला नीट नमस्कार कर."

ग्रासिएत बाहेर गेली. पडद्यापलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. झाकण निघाले. चमचा वाटीला लागला.

शिवणाऱ्या मुलींना बाई रोज बजावत, सावकाश जेवा, सुई कुठे पळून जात नाही. आता त्या छताकडे बघत एकेक चमचा ऐकत पडल्या होत्या. मध्येच आवाज थांबला. ग्रासिएत पाव मोडत असावी.

"जरा भराभर खा गं," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या.