बयनाबाईची सून

माहे डोळे फुटो, यातला एक शब्द जरी खोटा असंल तं! आदिलाबादच्या अपंगांच्या शिबिरात, भर मान्सांत, तलमडुगूच्या बयनाबाईची पेन्शन हातची जाऊन राह्यली होती.

उजवा हात लकव्यानं गेलेला. डॉक्टरीननं तो उचलून सोडला. तो पडला. आता कागदावर अपंगपनाचे टक्के लिवले तं पेन्शन, नाही तं आल्या वाटेनं घरी. डॉक्टरीननं इचारलं, "आजी, घरी सैपाक कोन करते?"

"मीच."

"पानी?"

"मीच. घागर पोटाशी धरते."

"केस कोन बांधून देते?"

"भिताडाले डोकं टेकते अन् बांधते बुचडा. एका हातानं."

डॉक्टरीननं पेन खाली ठेवला. "सगळंच तं होते तुमच्यानं. मंग टक्के कायचे देऊ?"

रांगेत जो तो आपल्या मान्साले टेकून उभा. कोनाले लेकानं पाठीवर आनलेलं, कोनाच्या काखेत नात. सारे बयनाबाईकडं पाहून राह्यले. तिच्या ओठावर काईतरी आलं. तिनं ते गिळलं. अन् हासली.

"काऊन वं बाई, तुले सासू नाही का? चारचौघात कोनती सासू सांगते, का सून करते म्हून? सारं माही मीनल करते. मले घासबी तेच भरवते. पन नाव घेतलं का डोक्यावर बसन ना ते!"

डॉक्टरीन खदखदून हासली. रांग हासली. मागून एक सून वरडली, "आमची सासूबी अशीच हाये!" हासता हासताच डॉक्टरीननं लिवलं, बाईच्यानं सोताचं काम होत नाही.

बसमधीबी बयनाबाईचं तोंड थांबलं नाही. बाजूच्या अनोळखी बाईले गाव येईलोक मीनलचंच सांगत राह्यली. वांग्याच्या भाजीत तीळ कुटून टाकते. रागावली का भांडे आपटते. पाय दाबता दाबता तिथंच झोपून जाते येडी.

दिवेलागणीले घरी पोचली तं दारात मीनल उभी. तिनं थैली घेतली, पान्याचा गडू देल्ला, म्हने, "येवढा उशीर काऊन केला, आत्याबाई?"

बरं बाप्पा, येवढं एक माह्या पदरचं. दारात कोनी नव्हतं. मीनल नावाची सून त्या घरात कदी आलीच नाही. दाराले कुलूप होतं. पन मंगचं खरं हाये. कुलूप काढून बयनाबाईनं आतल्या आंधारात आवाज देल्ला, "मीनल, आली वं मी!"