जागा पुरली नाही

लोकगीत संग्रहालयाच्या बाकावर केराबाई हेडफोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वारलेल्या धाकट्या बहिणीबरोबर इथेच गाऊन रेकॉर्ड केलेली हळदीची गाणी त्यांना ऐकायची होती.

पण सर्व्हर जळाला होता. बॅकअपच्या टेपवरून बाकीचं सगळं परत मिळालं. त्यांची गाणी उतरायच्या आधीच टेप भरली होती. फायली दाबून लहान केल्या की दुप्पट डेटा मावतो, असं टेपच्या खोक्यावर छापलेलं वाचून इथला बॅकअप सांभाळणाऱ्या ऋजुताने एकच टेप पुरेल असा अंदाज बांधला होता. आवाजाच्या फायली तेवढ्या दाबल्या जात नाहीत, हे तिने तपासलंच नव्हतं.

"मावशी, टेपवर जागा पुरली नाही," ती म्हणाली. अंदाज कुणाचा होता, ते तिच्या तोंडून निघेना.

केराबाईंनी हेडफोन पदराने पुसून परत दिले.

"माझंच चुकलं गं. धाकटी आटप म्हणत होती, मीच बाई गाणं लांबवत बसले."