एकाच कुराचे

“काका, या रेषेपर्यंत थुंका,” साक्षी म्हणाली आणि तिने प्लास्टिकची नळी लक्ष्मीचंदच्या हाती दिली.

लक्ष्मीचंदने नळीकडे पाहिलं. समाजाच्या सभेत बोलायला उभा राहिला की लोकांनी घड्याळं बघावीत, पण याच्या तोंडाला कोरड पडू नये. आज मात्र थेंबभर थुंकी जमेना. ओसरीवरची माणसं हसली, तसा तोही ओशाळून हसला.

साक्षी मूळची तिरोड्याची, आता विद्यापीठात संशोधन करणारी. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जनुकांतली एक खूण जवळजवळ न बदलता उतरते, असं ती समजावून सांगे. तिकडे युरोपात जर्मन आणि स्लाव टोळ्या कुठून कुठे गेल्या, ते अशाच खुणांवरून शोधतात. तिला पोवार समाजाची माळव्यापासून वैनगंगेपर्यंतची वाट शोधायची होती.

“आमी माळव्याचे, हे आमाले माईतच हाय,” लक्ष्मीचंद म्हणाला. “पन टेकचंदची थुंकी घेतली का तुमी?”

“कालच घेतली.”

“मंग आमचा दोघायचा मूळपुरुष एक हाय का, तेवढं मले येऊन सांगजा.”

साक्षीने मान हलवली. म्हाताऱ्याला एवढी उत्सुकता कशाची, हे तिला कळलं नाही. गावाला मात्र ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी, नव्व्याण्णव साली, लक्ष्मीचंदच्या मुलीचं, योगेश्वरीचं, टेकचंदच्या मुलाशी जमलं होतं. टिकेश त्याचं नाव. पोरगा निर्व्यसनी, शिकलेला, घर खाऊनपिऊन सुखी. नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एकच होती. दोन्ही घरांचं कुर, म्हणजे कुळ, एक. आडनाव एक, मूळपुरुष एक, म्हणजे दोघं नात्याने भाऊबहीण. अशी सोयरीक पोवारांत होत नाही.

समाजाची बैठक बसली. अध्यक्ष लक्ष्मीचंदच. त्याच उन्हाळ्यात त्याने एका घराला पंगतीतून उठवून वाळीत टाकलं होतं, कारण त्यांनी समाजाबाहेरचा माणूस घरजावई करून घेतला आणि त्याला आपलं कुर लावलं. असा करडा माणूस पोरीसाठी नियम वाकवणार नव्हता. त्याने निकाल दिला आणि शेवटी रीत म्हणून विचारलं, “पोरी, तुले काई सांगाचं हाय का?”

योगेश्वरी उभी राहिली. तिची आजी, म्हणजे लक्ष्मीचंदची माय, नुकतीच गेली होती. शेवटचे महिने आजीचं सगळं योगेश्वरीनेच केलं होतं, त्यामुळे पोरगी पार सुकली होती. तिने बापाकडे पाहिलं.

“काई नाई,” म्हणाली आणि खाली बसली.

टिकेश रायपूरला निघून गेला. तिकडेच त्याचं लग्न झालं. योगेश्वरी सडक अर्जुनीच्या शाळेत शिकवायला लागली आणि आलेलं प्रत्येक स्थळ परत पाठवत गेली. ती बापाशी भांडली असती तर बरं, असं लक्ष्मीचंदला वाटे. ती भांडली नाही. सणावाराला यायची, भाकरी टाकायची, पाया पडून परत जायची. पोरीचा संसार आपण मोडला, ही बोच त्याला सुखाने जेवू देत नसे. आपण बरोबर होतो, एवढं तरी विज्ञानाने सांगावं, म्हणून त्याचा सगळा आटापिटा.

धानाची मळणी आटोपल्यावर साक्षी परत आली. ओसरीवर दुसरं कोणी नाही, असं बघून बोलली.

“काका, तुमचा आणि टेकचंदकाकांचा मूळपुरुष एक नाही.”

लक्ष्मीचंद म्हणाला, “म्हंजे टेकचंद आमच्या कुराचा नाई?”

“त्यांची खूण कुरातल्या बाकी घरांशी जुळते.” ती अडखळली. “तुमची एकट्याचीच जुळत नाही. ती इथल्या जंगलपट्टीतली आहे, पोवार यायच्या आधीपासूनची. मागे कोणीतरी बाहेरून आलं असेल, घरजावई म्हणून. मी कुठेही नाव छापणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीने सडक अर्जुनीला गेला. योगेश्वरीची खोली हायवेला लागून होती, ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरायची. तिने चहा ठेवला. त्याने दारातच सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता त्याला रडू आलं.

“माही चूक झाली, बाई. मले माईत नवतं. माईत असतं तं म्याच तुहं लगन लावून देलं असतं.”

योगेश्वरीने चहा गाळला. कप त्याच्या हातात दिला, तो सांडत होता म्हणून खालून धरून ठेवला.

“नागझिऱ्याकडचे होते ते,” ती म्हणाली. “तुमचे आजोबा. आपल्या घरी धानाच्या बांदीत कामाले आले होते. पनजीच्या बापाले पोरगा नवता, म्हनून जावई करून ठेवलन आन आपलं कुर लावलन.”

“तुले कोनं सांगलं?”

“आजीनं, मराच्या आधी. म्हने, बैठकीत सांगून दे, तुहं लगन अडनार नाई.”

लक्ष्मीचंदने कप खाली ठेवला.

“मंग काऊन नाई सांगलं, पोरी?”

“सांगलं असतं तं पंगतीतून तुमाले उठा लागलं असतं, बाबूजी.”