राखणदार

मनगटावरचा हिरवा ठिपका दिसेना, तेव्हा चंपाक्कांनी आधी चष्मा पुसला, मग पदराने मनगटही पुसलं. ठिपका नव्हताच.

अंडाशयाचा त्यांचा दुर्मिळ कर्करोग वीस वर्षांनीही परत उगवणारा. म्हणून डॉक्टर शिरगावेबाईंनी त्यांच्या अंगात राखणदार पेशी सोडल्या होत्या. त्या पेशींची खूण म्हणजे हे ठिपक्याचं गोंदण. रोगाची एक जरी पेशी उरली, तरी ते हिरवंच राहणार होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगातून मनगट न्याहाळलं. मग दिव्याखाली धरून पुन्हा पाहिलं.

"अक्का, राखणदार निघून गेले," अखेर त्या हलकेच म्हणाल्या. "राखण्यासारखं काही उरलंच नाही. हे आजवर आम्ही फक्त गणितात पाहिलं होतं."

चंपाक्का उठल्या. दाराशी सवयीने "येते" ओठांवर आलं. निघताना "जाते" म्हणू नये, ही आईची शिकवण त्यांनी सत्तरीपर्यंत मोडली नव्हती. त्या थबकल्या आणि मागे वळल्या.

"डॉक्टर, जाते मी."

दर खेपेला "या" म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हात जोडले.

"जा, अक्का."