रविवारची दुरुस्ती

"मावशी, आज तुमचाच टेप उघडा," मुल्लाणी सर म्हणाले.

शालनताईंनी टेपरेकॉर्डर टेबलावर पालथा घातला. नवरा गेला आणि वर्षभरात तोही बंद पडला. परक्याच्या हाती द्यायला मन धजेना, म्हणून साठाव्या वर्षी त्या या दुरुस्तीच्या वर्गात आल्या होत्या.

काका टेपला किती जपायचे, हे वर्गातल्या बायकांना आता तोंडपाठ होतं. बावीस वर्षं दर रविवारी तो काखोटीला मारून ते मित्राच्या दुकानात जायचे. कधी मोटर बदलायची असायची, कधी आतली वायर सोल्डर करायची. संध्याकाळी तिकडेच जेवून, पान खाऊन खुशीत परतायचे.

पहिल्याच स्क्रूवर शालनताईंचा हात थांबला. त्यावर कंपनीचं कागदी सील होतं, पिवळं पडलेलं, पण जसंच्या तसं.

सर वाकले. "हा तर आजवर कुणी उघडलेलाच नाही!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एकीनं सावरून घेतलं, "काका जपायचेच तेवढे टेपला."

"जपायचे ना," स्क्रूड्रायव्हर सीलमध्ये खुपसत शालनताई म्हणाल्या. "बोटसुद्धा लावलं नाही कधी त्याला."