गर्दीचा रविवार

थीम पार्कच्या संगणकाने शुभदाला सुट्टीसाठी दिवस सुचवला. "ऑगस्टमधला मंगळवार उत्तम. मागच्या वर्षीसारखंच, पाळण्यात दुसरं कुणी नसेल."

मागच्या वर्षी तिची आठ वर्षांची लेक केतकी भल्यामोठ्या पाळण्यात एकटीच फिरली होती आणि हिरमुसून खाली उतरली होती.

"सगळ्यात गर्दीचा दिवस द्या," शुभदा म्हणाली.

"प्रत्येकाला वेगळा दिवस देतो, त्यामुळे गर्दी होतच नाही. पण हल्ली बरेच जण हेच मागतात. त्या सगळ्यांना मेमधला पहिला रविवार दिलाय. चालेल?"

त्या रविवारी केतकी जन्मात पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. पुढच्या मुलीशी तिची गट्टी जमली, आणि पाळणा वर जाताच दोघी मनसोक्त किंचाळल्या.

खाली येताच तिने शुभदाचा हात ओढला. "आई, सगळ्यात लांब रांग कुठेय?"